स्तंभावरची नावे आणि घराची ओढ

युद्धावर गेलेल्या सैनिकाला येणारी घरची आठवण हा आपल्या पांढरपेशा वाङ्मयाचा आवडता विषय आहे. छावणीतली रात्र, घरचे पत्र, वाट पाहणारी पत्नी. वाचकाचे डोळे पाणावतात. हे दुःख खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की ज्या घराची आठवण येते ते घर गावाच्या आत आहे की वेशीबाहेर?

दलित सैनिक आपल्याला भेटतो तो बहुधा दोनच ठिकाणी : दगडावर आणि अर्जात. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरेगावच्या स्तंभावर आहेत. त्यांतली २२ 'नाक'ने संपतात. नावामागे आई नाही, बायको नाही, मूल नाही. पुढे १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी विनंतीपत्र लिहिले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. महायुद्धात माणसे हवी होती म्हणून १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट आली ती १९४१ साली.

अर्जाचे काम लायकी पटवण्याचे. ज्याला आपले शौर्य पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते, त्याला रडण्याची मुभा नसते. खंदकातले अश्रूदेखील सवर्णांची मिरासदारी झाले ते असे.

आणि त्याची ओढ तरी कशाची? बायकोपोरांची आहे, त्यांच्याभोवतीच्या गावाची नाही. पलटणीत अंगावर वर्दी, गावी परतल्यावर पाणवठा बंद. त्याच्या ओढीत माया आणि संताप एकत्रच असणार. हे सारे 'विरह' या एका शब्दात कोंबणाऱ्या समीक्षेला हा सैनिक कळायचा नाही.

पण आपणही स्वतःला तपासले पाहिजे. दर १ जानेवारीला घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतून माणसे कोरेगावला जातात. घोषणा शौर्याच्या असतात, त्या असाव्यातच. परंतु घाटकोपरच्या वस्तीला नाव आहे ते रमाबाईंचे. १९१३ पासून बाबासाहेब परदेशी शिकत असताना मागे राहून संसार ओढणाऱ्या बाईचे. याच वस्तीत ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे गेली. युद्ध कुठेच नव्हते, तरी ती घरी परतली नाहीत.

शौर्य दगडावर कोरून झाले आहे. आता त्या २२ नावांपैकी एकाला तरी आपल्या लेखकाने घर द्यावे, आणि त्या घरात वाट पाहणारे माणूस.