‘रात्रीस खेळ चाले’ : अनुत्तरित प्रश्न आणि अद्भुताचे नियम

सारांश

झी मराठी वाहिनीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ ते २०२२ या काळात तीन पर्वांत प्रसारित झाली. तिच्या कथानकात राहून गेलेल्या प्रश्नांची चर्चा प्रेक्षकांमध्ये दीर्घकाळ होत राहिली. या प्रश्नांचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अद्भुताचा उलगडा झाला नाही म्हणून ही मालिका उणी ठरत नाही. तिने अद्भुताला कोणताही नियम लावला नाही म्हणून ती उणी ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गूढकथा, रहस्यकथा, दैनंदिन मालिका, लोकश्रद्धा, कोकण

प्रस्तावना

मराठीत गूढ व भयकथेची परंपरा समृद्ध आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी ती छापील माध्यमात लोकप्रिय केली. दूरचित्रवाणीवर मात्र अद्भुताचा दीर्घ पल्ल्याचा प्रयोग क्वचितच झाला. त्या दृष्टीने फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका दखलपात्र ठरते. सावंतवाडीजवळील आकेरी येथे तिचे चित्रीकरण झाले. मालवणी बोली, वाडा, माड-पोफळी आणि नाईकांचे एकत्र कुटुंब यांमुळे तिला अस्सल प्रादेशिक चेहरा लाभला. विरार-नालासोपाऱ्यात स्थायिक झालेल्या कोकणातील कुटुंबांना या मालिकेत आपले गाव दिसत होते. म्हणूनच तिच्यातील त्रुटींचा विचार केवळ करमणुकीच्या अंगाने करणे अपुरे ठरेल.

तीन पर्वे, तीन करार

पहिले पर्व अण्णा नाईक यांच्या मृत्यूपासून सुरू होते. लग्नकार्यासाठी जमलेल्या कुटुंबावर एकामागून एक संकटे येतात. हे सारे भुताचे कृत्य की माणसाचे, हा या पर्वाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. उत्तरार्धात पोलीस तपास येतो आणि मालिका रहस्यकथेकडे झुकते. जानेवारी २०१९ मध्ये आरंभ झालेले दुसरे पर्व पूर्वकथा सांगते. अण्णांची सत्ता, पाटणकरांची पत्नी असलेल्या शेवंतेशी त्यांचे संबंध आणि त्यांनी केलेले अत्याचार हा त्याचा विषय आहे. येथे भयाचा उगम माणसात आहे. मार्च २०२१ पासूनच्या तिसऱ्या पर्वात अण्णा व शेवंता हे मृतात्मे म्हणून उघडपणे वावरतात.

याचा अर्थ मालिकेने प्रेक्षकाशी तीन वेगवेगळे करार केले. रहस्यकथेत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणे लेखकावर बंधनकारक असते. गूढकथेत काही भाग अनुत्तरित राहणे अपेक्षित असते. भयकथेत भुताचे अस्तित्व गृहीत धरले जाते. मात्र त्याच्या सामर्थ्याची मर्यादा स्पष्ट असावी लागते. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० मध्ये अद्भुताची व्याख्या करताना नैसर्गिक व अलौकिक स्पष्टीकरणांमधील द्विधावस्थेवर भर दिला होता. पहिल्या पर्वाचे यश या द्विधावस्थेतच होते. वाड्यात दिसणारी सावली प्रेक्षकाला एकाच वेळी खरी व भासमान वाटत होती. तिसऱ्या पर्वाने ही द्विधावस्था मोडून काढली. भुते खरोखर असतील, तर पहिल्या पर्वातील तपासाला काय अर्थ उरतो, या प्रश्नाचे उत्तर मालिकेने दिले नाही.

पोकळ्यांचे प्रकार

कथानकातील पोकळ्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार दिसून येतात. पहिला प्रकार स्मृतीचा. दुसऱ्या पर्वात अण्णांचे वर्तन घराला आणि गावाला ठाऊक आहे. माईंच्या डोळ्यांदेखत बरेच काही घडते. मग हेच कुटुंब पहिल्या पर्वात अण्णांच्या मृत्यूनंतर त्यांच्या आयुष्याविषयी इतके अनभिज्ञ का, हा प्रश्न अटळ होतो. पूर्वकथा नंतर रचल्यामुळे कथेतील काळ पुढचा असूनही पात्रांचे ज्ञान मागे पडले. घरातील गडी पांडू याचे ‘इसरलंय’ हे पालुपद प्रेक्षकांत विलक्षण लोकप्रिय झाले. हे पात्र साकारणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही सहभागी होते. सारे पाहिलेला साक्षीदारच विसराळू असावा, ही कल्पना अर्थगर्भ होती. परंतु पुढे विसरणे हा एका पात्राचा विशेष न राहता संपूर्ण कथानकाचा स्वभाव झाला.

दुसरा प्रकार निर्मितीच्या पद्धतीतून आलेला आहे. दैनंदिन मालिकेचा शेवट आधी ठरलेला नसतो. प्रेक्षकसंख्येनुसार ती लांबते वा आटोपते. वसई तालुक्यातील नायगाव परिसरात अनेक मालिकांचे सेट उभे राहिल्याने या धावपळीचे स्वरूप येथील वाचकांना अपरिचित नाही. २०२० मधील टाळेबंदीने सर्वच मालिकांचे चित्रीकरण खंडित केले होते. तिसऱ्या पर्वात शेवंतेच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकर यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. असा बदल कौटुंबिक मालिकेत प्रेक्षक निमूटपणे स्वीकारतो. मृतात्म्याच्या बाबतीत तो अधिक खटकतो, कारण तेथे ओळखीचा चेहरा हाच भीतीचा आधार असतो. तरीही या प्रकारातील दोष क्षम्य मानावे लागतात. त्यांचे कारण कथेबाहेर आहे.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर असून तो नैतिक स्वरूपाचा आहे. मालिकेने उभे केलेले खरे प्रश्न जमीन, वारसा आणि स्त्रीवरील अन्याय यांविषयीचे होते. अण्णांच्या अन्यायाची झळ सोसलेली वच्छी, समाजात कोणतेच स्थान नसलेली शेवंता आणि सारे निमूटपणे सोसणारी माई या तिघींचे दुःख हा मालिकेचा गाभा होता. वच्छीचा संताप ज्या अंकांत केंद्रस्थानी येतो, तेथे भुताची गरजही भासत नाही. तिच्या मागणीत न्यायाचा प्रश्न स्पष्ट आहे. मात्र तिसऱ्या पर्वात अण्णाच सूडकथेचे नायक बनतात. ज्याने अन्याय केला तोच मृत्यूनंतर कोणत्या अधिकाराने परत येतो? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या मागणीचे काय झाले? माधव अभ्यंकर यांच्या प्रभावी अभिनयामुळे अण्णा लोकप्रिय झाले आणि या लोकप्रियतेपुढे हे प्रश्न मागे पडले.

लोकश्रद्धेचे तर्कशास्त्र

अलौकिक कथेला तर्काची अट लावू नये, असा युक्तिवाद मालिकेच्या समर्थनार्थ केला जाऊ शकतो. परंतु ज्या लोकपरंपरेतून मालिकेने सामग्री घेतली ती परंपरा अत्यंत नियमबद्ध आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण केल्या जातात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो व त्यामुळे वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. ही श्रद्धा मान्य असो वा नसो, तिच्यात कार्य व कारण यांचा संबंध आहे. देवचाराची हद्द ठरलेली असते. गाऱ्हाण्यात कोणाकडे, कशासाठी आणि कोणत्या बदल्यात मागणे मागितले जाते हे उच्चारावे लागते. कौल प्रश्नावाचून लावता येत नाही. मालिकेने या परंपरेतील चिन्हे घेतली. त्यांमागील व्यवहार मात्र सोडून दिला.

वेताळपंचविशीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथे वेताळ प्रत्येक कथेच्या अखेरीस राजाला प्रश्न विचारतो आणि उत्तर ठाऊक असल्यास राजाला बोलावेच लागते. अखेरच्या प्रश्नावर राजा निरुत्तर होतो आणि त्याच्या मौनामुळे कथाचक्र पूर्ण होते. म्हणजेच अनुत्तरित प्रश्नालाही रचनेत स्थान असते. चिं. त्र्यं. खानोलकर यांची ‘कोंडुरा’ ही कादंबरी कोकणच्याच भूमीतील आहे. तिच्यावर आधारित चित्रपट श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये केला. त्यातील साक्षात्कार खरा की भास, याचा निर्णय वाचकावर सोपविला आहे. पण त्यावर विश्वास ठेवून केलेल्या कृतीचे परिणाम टळत नाहीत. ‘रात्रीस खेळ चाले’ मध्ये नेमके परिणामच निसटतात.

सामाजिक संदर्भ

मालिका सुरू होताच सिंधुदुर्गातून तसेच अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांकडून तिला विरोध झाला. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला असल्याने या विरोधाला विशेष संदर्भ होता. केबल दूरचित्रवाणीसाठीच्या कार्यक्रम संहितेतही अंधश्रद्धेस उत्तेजन देणारे कार्यक्रम निषिद्ध आहेत. परंतु भूत दाखविणे म्हणजे अंधश्रद्धा पसरविणे, हे समीकरण वाङ्मयीन दृष्ट्या स्वीकारणे कठीण आहे. तसे केल्यास भयकथेचा संपूर्ण प्रकारच बाद करावा लागेल. खरा आक्षेप वेगळा आहे. पहिल्या पर्वातील नीलिमा ही विज्ञाननिष्ठ सून घडणाऱ्या प्रत्येक घटनेचे कारण विचारते. कथा कारण देण्याचे टाळते, तेव्हा तिचे विचारणेच निरर्थक भासू लागते. प्रश्न विचारणाऱ्या पात्राला कथेने उत्तर दिले नाही, तर प्रेक्षकालाही न विचारण्याची सवय लागते.

निष्कर्ष

१. मालिकेच्या तीन पर्वांत रहस्यकथा, पूर्वकथा व भयकथा यांचे संकेत एकमेकांत मिसळले. त्यामुळे आधीच्या पर्वातील प्रश्न नंतरच्या पर्वात निरर्थक ठरले.

२. निर्मितीच्या अडचणींतून आलेल्या विसंगतींपेक्षा नैतिक प्रश्नांना दिलेली बगल अधिक गंभीर आहे.

३. लोकश्रद्धेतील अद्भुताला हद्द, कारण व परतफेड असते. मालिकेने हे तर्कशास्त्र स्वीकारले असते, तर कथानक अधिक भयप्रद व अधिक सुसंगत झाले असते.

४. बोलीभाषेचा वापर, स्थळाची निवड आणि अभिनय यांबाबत मालिकेचे योगदान मान्य करावे लागते. मालवणी बोली राज्यभरातील घरांत पोहोचविण्यात तिचा वाटा मोठा आहे.

अभ्यासक्रमात गूढकथा शिकविताना या मालिकेचा तुलनात्मक विचार उपयुक्त ठरेल. कथेत मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा आणि नकळत राहिलेली पोकळी यांतील फरक विद्यार्थ्यांना परिचयाच्या उदाहरणातून स्पष्ट करता येईल. वच्छीने मागितलेला न्याय कथेत कोठे हरवला, हे शोधण्यापासून त्याचा आरंभ करता येईल.