सपाटीवरचा चढ

घाटात तयार झालेल्या सायकलपटूच्या मनात सपाट रस्त्याबद्दल एक अढी असते. चढ नाही म्हणजे कस नाही, आणि कस नाही म्हणजे गोडी नाही. ही अढी सोडवायची असेल तर नेदरलँड्सच्या नैर्ऋत्य टोकाला, झेलंड प्रांतातला एक फेरा बारकाईने पाहावा. मिडेलबर्गहून फेरे, तिथून बंधारा ओलांडून नोर्ट-बेफेलांट, पुढे ऑस्टरस्खेल्डे खाडीचा वादळबांध, स्खाउवेनचा दक्षिण किनारा, झिरिकझे, झेलंड पूल आणि परत. एका दिवसात आरामात होणारा पल्ला. जमीन समुद्रसपाटीच्या आगेमागे, काही ठिकाणी तिच्याही खाली. मला हा मार्ग उत्तम वाटतो, कारण त्याला चढ आहे आणि तो वाऱ्याने रचलेला आहे.

हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या तोंडावर ताशी ३० किलोमीटरचा वारा आला, की निवांत हवेच्या मानाने तो विरोध चौपट होतो. घाटाला निदान माथा असतो, पलीकडे उतार असतो. समोरच्या वाऱ्याला माथा नसतो. रस्ता वळेल तेव्हाच सुटका. म्हणून सपाट मार्गात वळणाचं मोल घाटातल्या वळणापेक्षा जास्त.

हे किती खरं आहे ते २०१५च्या टूर द फ्रान्सने दाखवलं. दुसरा टप्पा उट्रेख्टहून निघून याच वादळबांधावर, नेल्टये यान्स बेटापाशी संपला. वाटेत वारा-पावसाने सायकलपटूंचा मोठा घोळका फोडला. आडव्या वाऱ्यात पुढच्याच्या आडोशाला राहायचं तर त्याच्या थेट मागे राहून भागत नाही, तिरकं सरकावं लागतं. ती तिरकी रांग रस्त्याच्या कडेला भिडली की उरलेल्यांना आडोसा उरत नाही, आणि मग फट पडते ती भरत नाही. आंद्रे ग्रायपलने टप्पा जिंकला, फाबियान कान्चेलारा पिवळ्या जर्सीत गेला. पण मोठी घडामोड मागे झाली. कोलंबियाचा नाइरो किन्ताना, डोंगरातला बादशहा, क्रिस फ्रूमच्या मागे १ मिनिट २८ सेकंद राहिला. पुढे आल्प द्युएझच्या चढावर त्याने फ्रूमकडून मिनिटाहून जास्त वेळ परत मिळवला. पॅरिसमध्ये फ्रूम जिंकला तो १ मिनिट १२ सेकंदांनी. चढांवरच्या साऱ्या पराक्रमाला समुद्रकाठच्या त्या एका दुपारची भरपाई करता आली नाही.

आता फेऱ्याची रचना पाहू. इथे वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून हा फेरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करावा. सुरुवातीला फेरे हे जुनं बंदर लागतं. स्कॉटलंडच्या लोकरीच्या व्यापारावर ते मोठं झालं. त्याचं चर्च आजच्या गावाला कितीतरी मोठं आहे. १९६१ साली समुद्राकडचं मुख बंद झालं, खाडीचं सरोवर झालं आणि मच्छीमार ताफा कोलाइन्सप्लाट या गावी हलला. हे नाव लक्षात ठेवावं.

मग वादळबांध. सुमारे ९ किलोमीटर लांब, ६५ प्रचंड खांब, त्यांच्यामध्ये ६२ पोलादी दरवाजे. १९५३च्या ३१ जानेवारीच्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला, नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर डेल्टा योजनेने एकेक मुख बुजवायला घेतलं. ऑस्टरस्खेल्डेही बुजणार होतं, पण कालवं आणि शिंपल्यांवर जगणारे मच्छीमार आणि निसर्गप्रेमी विरोधात उभे राहिले. भरती-ओहोटी वाचवण्यासाठी आराखडा बदलला. १९८६ साली उभा राहिला तो एरवी उघडा असणारा, वादळातच मिटणारा बांध. गोव्याच्या खाजणांतली मानस, म्हणजे बांधातली झडप, आठवावी, फक्त ती रोजच्या भरतीला मिटते. इथून सायकलने जाताना डावीकडे उत्तर समुद्र, उजवीकडे खाडी, आणि दरवाजांखालून घुसणाऱ्या पाण्याचा गडगडाट. वारा पाठीशी असल्याने कानातला घोंघाट थांबलेला असतो, म्हणून तो गडगडाट स्पष्ट ऐकू येतो. उलट दिशेने जाणाऱ्याला हे सुख नाही. त्या दिशेचा कस पाहणारी एक शर्यत मात्र २०१३पासून इथेच होते: साडेआठ किलोमीटर, एकच गिअर असलेली साधी उभ्या बैठकीची सायकल आणि समोरून वादळी वारा. वादळाचा अंदाज आला की मगच ती जाहीर होते.

स्खाउवेनच्या दक्षिण किनाऱ्यावर पाठवारा कायम असतो आणि पाय सैलावतात. अशा वेळी बांधालगत एकटा बुरूज दिसतो, प्लोम्पे टोरेन. समुद्राने गिळलेल्या कौडेकेर्के गावाचं एवढंच उरलं आहे. झिरिकझेपलीकडे, आउवेरकेर्कला, महापुराचं संग्रहालय आहे. १९५३च्या नोव्हेंबरमध्ये शेवटचं खिंडार बुजवणाऱ्या चार काँक्रीटच्या पेट्यांतच ते थाटलं आहे. वाट थोडी वाकडी करून तिथे जायलाच हवं. ते पाहिल्याशिवाय मागच्या ९ किलोमीटरचा अर्थ पुरता उमगत नाही.

त्यानंतर १९६५चा झेलंड पूल. लांबी ५,०२२ मीटर, एकसारख्या कमानींची ओळ. रस्ता आता नैर्ऋत्येकडे वळलेला असतो आणि सकाळपासून फुकट मिळालेल्या वेगाची वसुली इथे सुरू होते. आडोसा नाही, झाड नाही, कमानी मोजूनच पुढे सरकायचं. पूल उतरल्यावर जवळच कोलाइन्सप्लाट. सकाळी सोडलेल्या फेरे गावाची होडी इथे येऊन पोचली, असं मार्गच आपल्याला दाखवतो. तिथून पश्चिमेची परतवाट वाऱ्याविरुद्धच, पण आतल्या जुन्या बांधांवरच्या झाडांच्या रांगा अधूनमधून श्वास घेऊ देतात.

इथल्या सायकलवाटांच्या चौकांना क्रमांक आहेत. खाणीतल्या बोगद्यांच्या खुणांवरून बेल्जियमच्या एका खाण अभियंत्याला १९९०च्या दशकात सुचलेली ही पद्धत. क्रमांक टिपून ठेवले की वाट सापडते, आणि वारा फिरला तर फेरा जागेवर बदलता येतो. सपाट प्रदेशाला साजेशी हीच सोय आहे.

थोर मार्ग शरीराला जिथे झुकवतो, तिथेच मनालाही काही सांगतो. डोंगरातले रस्ते हे उंचीने साधतात. झेलंडचा फेरा ते दिशेने साधतो. १९५३ साली समुद्र आत लोटला तोही वाऱ्यानेच, म्हणून हँडलवर वाकून वाऱ्याशी झुंजताना हा बांध कशासाठी उभा आहे ते पायांना कळतं. म्हणून सपाट मार्ग निवडताना किलोमीटर नंतर मोजावेत. आधी वारा कुठून येतो ते पाहावं, आणि परतीची वाट त्याच्या तोंडावर ठेवावी.