झपाटलेल्याचं गाणं

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी भयकथेला हक्काचा वाचक मिळवून दिला. संगीत नाटक तर ‘शाकुंतल’पासून, म्हणजे १८८०पासून आपल्या घरचंच. तरी या दोन परंपरांची सोयरीक काही नीट जमलेली नाही. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आहे, पण ती बच्चेकंपनीची. मोठ्यांसाठी गाणारं भूत म्हटलं की धूर आणि पांढरी साडी यांपलीकडे कल्पना जात नाही. भुताला गायला लावण्याचा मोह आवरावा आणि गाणं झपाटलेल्याच्या तोंडी द्यावं, असं मला वाटतं. पिंपरी-चिंचवडच्या रंगभूमीला यासाठी लांब जायला नको. शेजारच्या देहूच्या तुकोबांनी पंढरीच्या विठोबालाच वाटसरूंना झडपणारं भूत म्हटलं आहे. नाथांच्या भारुडातही भूत लागलेली बाईच बोलते. भूत दोन्हीकडे गप्प. मांत्रिकांच्या बोलीत सांगायचं तर गातं ते झाड, म्हणजे झपाटलेला माणूस. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’त (२०१७) हेच सूत्र दिसतं. तुकोबांसाठी भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि तिची शुश्रूषा करायला रखुमाई लखूबाई होऊन घरात राहते. ही कोण, ते प्रेक्षकाला ठाऊक, आवलीला नाही. भयकथा याहून वेगळं काय करते? रखुमाई देव असून गाते, हे खरं. पण तीही आवलीसारखीच गांजलेली. दोघींच्या संसाराला ज्याने पछाडलं, तो विठ्ठल रंगमंचावर येतच नाही.

‘महल’ चित्रपटात (१९४९) भूतच गात नव्हतं का, असं कुणी विचारील. गात होतं, पण शेवटी ती जिवंत बाई निघाली. बेंजामिन ब्रिटनने ‘टर्न ऑफ द स्क्रू’च्या ऑपेरात (१९५४) भुतांना खरोखर गायला लावलं. संगीत अप्रतिम, मात्र भुतं आहेत की शिक्षिकेच्या मनाचे खेळ, हा हेन्री जेम्सच्या मूळ कथेतला संशय त्या गाण्याने बराच पातळ झाला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : गाण्याने भीती पळते. ‘वन्स मोअर’ घेणाऱ्या गाण्याने पळेलच. पण ओळखीची चाल समेच्या अलीकडे तुटली, तर कान उरलेली मात्रा शोधत राहतो. धारप वाक्य अर्धवट सोडून जे साधत, ते इथे तालाने साधता येतं.

शंभरावं नाट्यसंमेलन जानेवारी २०२४मध्ये पिंपरी-चिंचवडलाच झालं. चिंचवडचं मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचं अत्रे रंगमंदिर, भोसरीचं लांडगे नाट्यगृह. जागांची वानवा नाही. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते, त्यामुळे अभंगाच्या चाली इथल्या कानांना परक्या नाहीत. भयकथेतला ओसाड वाडा मात्र चाकणला थर्ड शिफ्ट करणाऱ्याला कितपत घाबरवील? धारपांचे निष्ठावंत रागावतील, पण त्यांच्या कथेचं संगीत नाटक करणाऱ्या रूपांतरकाराने वाडा खुशाल सोडावा आणि कथेतला पछाडलेला माणूस रात्रीच्या रिकाम्या शेडमध्ये उभा करावा. त्याला गाता आलं पाहिजे, तेही तिथल्या तिथे. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर ओठ हलवणाऱ्याचा श्वास कुठे अडकला, हे शेवटच्या रांगेला कळत नाही.