लावून घेणारी माणसं

मराठी समीक्षेकडं आपल्यासाठी शब्द ठरलेले आहेत. आक्रस्ताळा, भडक, प्रचारकी, एकसुरी, चिडखोर. पुस्तक न उघडताही हे शब्द लिहिता येतात. कवी पेठेतला असेल अन् त्याला काही लागलं, तर तो हळवा, तरल, मनस्वी. फारच चिडला तर शीघ्रकोपी. शीघ्रकोपी म्हटलं की दुर्वास ऋषी आठवतो, म्हंजे रागालाही ऋषीचा मान. आपला राग मात्र तिरसटपणा, फणकारा, नाहीतर माज. दुखणं एकच, एकाचा शब्द वाड्यातला, दुसऱ्याचा वेशीबाहेरचा.

मी सूतगिरणीत काम करतो. जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर, लायब्ररीच्या बाकावर. नारायण पेठेत एका कार्यक्रमात मी कविता वाचल्या. नंतर एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "छान लिहिता हो, पण तुम्ही लोक फार मनाला लावून घेता." सूर वाईट नव्हता. पण मी त्या क्रियापदापाशी अडलो, तो अजून तिथंच आहे.

मित्रांनो, नीट पाहा. 'मला लागलं' म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच : काय लागलं? कुणी मारलं? 'लावून घेतलं' म्हटलं की मारणारा वाक्यातनं गायब. दगड नाही, हात नाही. उरतं फक्त डोकं, अन् दोष सगळा त्या डोक्याचा. 'नाकाला मिरच्या झोंबल्या' म्हणतात, मिरच्या कुणी कोंबल्या ते सांगत नाहीत. हुळहुळा म्हणतात, पण कातडी कुणी सोलली हे विचारत नाहीत.

१३ ऑक्टोबर १९२९ ला पुण्यात अस्पृश्य सत्याग्रही पर्वतीच्या देवळात जायला निघाले. त्यांच्यावर दगड आले, माणसं जखमी झाली. आता सांगा, त्यांना लागलं, का त्यांनी लावून घेतलं?

खरा हुळहुळा कोण, याचाही हिशेब एकदा मांडू. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्यानं कमरेला झाडू बांधून अन् गळ्यात मडकं अडकवून चालायचं, असं बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिसंस्थेवरच्या भाषणात लिहून ठेवलंय. मातीवरच्या पावलाच्या ठशानं ज्याला त्रास होतो, त्याच्याहून नाजूक कातडीचा माणूस दुनियेत सापडेल काय? स्पर्शाचं सोडा, सावली सोसवत नाही. पण मराठीनं ह्याला चिडखोरपणा म्हटलं नाही. त्याचं नाव सोवळं.

१८९० ला पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहा प्याली. त्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आली, ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. ज्यांच्या 'केसरी'चं घर पुढं नारायण पेठेत झालं ते टिळक अन् त्यांच्याबरोबर न्यायमूर्ती रानडे, दोघांच्याही मागं प्रायश्चित्ताचं शुक्लकाष्ठ लागलं. एका कपानं धर्म दुखावतो! जुनी गोष्ट म्हणाल, तर सप्टेंबर २०१७ ला ह्याच पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी पोलिसांत तक्रार दिली की, स्वयंपाकाच्या बाईनं जात लपवून आमचं सोवळं मोडलं. बरीच टीका झाली, पुढं तक्रार मागंही घेतली. पण सोवळ्याचं दुखणं पोलीस ठाण्याची पायरी चढून आलं ते आलंच.

साहित्यातही हेच. १९७२ सालातली दोन लिखाणं शेजारी ठेवा. १५ ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला. ब्राह्मणगावात दलित बाईची विटंबना झाली होती. तिच्या अब्रूला दंड किती अन् झेंड्याच्या अपमानाला दंड किती, असा रोकडा हिशेब त्यांनी मागितला. ओरड झाली ती झेंड्याबद्दलच्या भाषेवर. दुर्गाबाई भागवतांनीही आक्षेप घेतला. बाई मागं पडली, शब्द पुढं आला. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. नाना फडणवीस अन् पुण्याचे ब्राह्मण त्यात जसे दिसले ते अनेकांना सोसलं नाही. १९ प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवलं. तिथं दुखणाऱ्याला भावना होत्या, अन् भावनेपुढं नाटक थांबलं. ढाल्यांच्या लेखात भावना नव्हती, ती म्हणे शिवी होती.

आता आपल्या अंगणात येऊ. मे २०१२ मध्ये शाळेच्या पाठ्यपुस्तकातल्या शंकर यांच्या व्यंगचित्रावरून वादळ उठलं. चित्र १९४९ चं. संविधान म्हंजे गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब बसलेले, मागं नेहरूंच्या हातात चाबूक. हे बघून आपल्या पोरांना लागलं. लागणारच. ज्यांच्या बापजाद्यांच्या पाठीवर वळ आहेत, त्यांना चाबूक कागदावरचा दिसत नाही. 'ह्यांना विनोद कळत नाही' म्हणणारे त्या नारायण पेठेतल्या गृहस्थांचेच भाऊबंद. पण पुढं पुणे विद्यापीठात सुहास पळशीकरांच्या कचेरीची मोडतोड झाली, ती मला पटत नाही. टेबल फोडलं की 'आम्हाला लागलं, ते असं लागलं' हे सांगणं तिथंच संपतं, अन् 'भावना दुखावल्या' ही त्यांची जुनी फाइल आपल्या नावानं उघडते. भावना दुखावलेला माणूस कारण देत नाही, फक्त 'बंद करा' म्हणतो.

ही भाषा आपली नव्हे. १९३६ ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातला मजकूर बोचला. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला अन् भाषण स्वतः छापलं. १९८७-८८ ला 'रिडल्स'वर हल्ला झाला तेव्हा आपली माणसं रस्त्यावर उतरली, ती छापलेलं पान फाडलं जाऊ नये म्हणून. पान राखायचं अन् त्याला उत्तर म्हणून दुसरं पान छापायचं, ही आपली रीत.

म्हणून शेवटी आपल्याच कवितेबद्दल बोलतो. आपल्या अंकांत येणाऱ्या कवितांत वेदना, जखमा, आक्रोश भरपूर असतात. पण दहा-दहा ओळी वाचल्या तरी जखम कुणी केली ते कळत नाही. जखम आहे, वार नाही. मग वाचणारा सहज म्हणतो, कवी हळवा दिसतो, फार लावून घेतो. त्याला ती पळवाट आपणच दिली की! 'माझं मन पोळलं' ह्या ओळीपेक्षा 'जॉबरनं माझा पेला वेगळा ठेवला' ही ओळ बरी. तिला आक्रस्ताळी म्हणतील, म्हणू द्या. पण पेला कुणी ठेवला हे विचारल्याशिवाय तिच्यावर बोलता येणार नाही.

आपण लिहिताना वाक्यातला कर्ता गाळायचा नाही. तो गाळला की सोय त्यांचीच होते.