एका किल्ल्यातले तिघे

अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी १९४४ साली ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. भारताचे ऐक्य विविधतेसह टिकले, हे त्याचे मुख्य सूत्र. पुढे भाषावार प्रांतांवर विचार करणाऱ्या समितीतले नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या हे तिघेही याच किल्ल्यातले राजबंदी. १९४९च्या अहवालात मात्र त्यांनी आंध्रचा अपवाद वगळता ही मागणी ऐक्यासाठी लांबणीवर टाकली. फाळणीची जखम ताजी होती, हे मान्य. तरीही ग्रंथात जे वैविध्य बळ ठरते, तेच अहवालात धोका ठरते, ही विसंगती मला खटकते. संविधानाच्या अनुच्छेद ३नुसारही संसद राज्याची सीमा त्याच्या संमतीविना बदलू शकते. विधिमंडळाचे केवळ मत मागवले जाते. संयुक्त महाराष्ट्रासाठी १९६०पर्यंत झगडावे लागले. म्हणून हा ग्रंथ त्या अहवालासोबतच वाचावा, असे मला वाटते.