आकृतीतल्या झडपा आणि वर्गातला संधिज्वर

'मानवी हृदयाची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' हा प्रश्न मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही नवा नाही. फळ्यावर, भिंतीवरच्या तक्त्यावर आणि मार्गदर्शकात ही आकृती इतक्या वेळा येते, की तिच्याकडे आपण टीकेच्या नजरेने पाहतच नाही. कथेचे किंवा कवितेचे परीक्षण होते. मग पिढ्यान्‌पिढ्या गिरवल्या जाणाऱ्या आकृतीचे का होऊ नये? येथे आपण तिच्या एकाच भागाचा विचार करू. तो भाग म्हणजे हृदयाच्या झडपा.

प्रथम आकृतीचे गुण पाहू. चार कप्पे, चार झडपा आणि रक्ताच्या प्रवासाची दिशा एवढे सारे ती वहीच्या एका पानावर बसवते. ही दिशा दाखवणे मोलाचे आहे. विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या युक्तिवादाचा एक मोठा आधार झडपा हाच होता. झडप रक्ताला एकाच बाजूने जाऊ देते. तेव्हा रक्त पुढेमागे हेलकावत नसून फिरत असले पाहिजे, असा तो विचार होता. आकृतीतले बाण हा विचार आजही जपतात.

पण बाण दाखवून झाले, की आकृती थांबते. कर्णिका आणि जवनिका यांच्यामधल्या दाराला 'द्विदल झडप' असे नाव मिळते आणि विद्यार्थ्याला अर्धा गुण. हे दार कोण उघडते? विचारून पाहा. बहुतेक मुले झडपेला खालून बांधलेल्या दोऱ्यांकडे बोट दाखवतील आणि 'या दोऱ्या ओढून उघडतात' असे सांगतील. आकृती पाहून तसेच वाटते, पण ते बरोबर नाही. झडपेच्या पाळ्या स्वतःहून हलत नाहीत. कर्णिकेतला दाब जवनिकेतल्या दाबापेक्षा वाढला, की त्या उघडतात. जवनिका आकुंचन पावून तिथला दाब वाढला, की मिटतात. दोऱ्यांचे काम वेगळेच आहे. वादळी वाऱ्यात छत्री उलटते, तशा मिटलेल्या पाळ्या दाबाने कर्णिकेत उलटू नयेत म्हणून दोऱ्या त्यांना धरून ठेवतात. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे घडते आणि झडपा मिटल्याचा परिणाम म्हणून 'लब-डब' असा आवाज आपल्याला ऐकू येतो.

दाबाचा हा मुद्दा समजला नाही, तर झडपेचा आजारही समजत नाही. निरोगी द्विदल झडपेचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाच्या नाण्याएवढे. आजाराने पाळ्यांच्या कडा चिकटून त्या जाड झाल्या, की हे तोंड एक चौरस सेंटिमीटरपर्यंतही आक्रसते. नाण्याच्या जागी सदऱ्याचे काज राहते. डाव्या कर्णिकेत रक्त तुंबते, मागे फुप्फुसांत दाब वाढतो आणि जिना चढताना धाप लागते. याउलट पाळ्या नीट मिटल्या नाहीत, तर प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे गळते. तेच रक्त पुन्हा ढकलावे लागल्याने हृदय मोठे होत जाते आणि शेवटी थकते. एकाच झडपेत हे दोन्ही दोष असू शकतात.

आकृतीचा मोठा दोष इथे दिसतो. तिच्यातले हृदय कायम निरोगी असते. झडप बिघडते हे ती सांगत नाही, आणि ती का बिघडते हे तर नाहीच. कारणे अनेक आहेत. काही मुले जन्मतःच सदोष झडप घेऊन येतात. उतारवयात महारोहिणीच्या झडपेवर चुना साठतो. कधी जंतू झडपेवरच घर करतात. पण आपल्या देशात तरुण वयात झडप निकामी होण्याचे प्रमुख कारण आहे संधिज्वर, ज्याला डॉक्टर र्‍हुमॅटिक फीव्हर म्हणतात.

त्याची सुरुवात घशात होते. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंच्या एका विशिष्ट गटामुळे घसा सुजतो आणि चार-आठ दिवसांत बराही होतो. मात्र दोन-तीन आठवड्यांनी काही थोड्या मुलांना ताप येतो आणि सांधे सुजून दुखू लागतात. आज गुडघा, परवा घोटा, मग कोपर. जंतूची काही प्रथिने आणि आपल्या हृदयातली काही प्रथिने यांत साम्य असल्यामुळे, जंतूविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारयंत्रणा हृदयावरच उलटते. सांधे बरे होतात, पण झडपेवरचा व्रण राहतो. पुन्हा घसा धरला आणि पुन्हा ज्वर आला, तर व्रणावर व्रण चढतो. धाप लागायला कधी कधी दहा-वीस वर्षे लागतात. अनेक मुलींच्या बाबतीत हे पहिल्या गरोदरपणात उघड होते, कारण तेव्हा शरीरातले रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते आणि अरुंद झडपेला ते पेलवत नाही.

हा ज्वर प्रामुख्याने पाच ते पंधरा या वयात येतो. म्हणजे आकृती गिरवणाऱ्या विद्यार्थ्यांच्याच वयात. त्याचे एक रूप तर थेट वर्गात दिसते. काही मुलांचे हातपाय आपोआप हलू लागतात, चेहऱ्यावर वेडेवाकडे भाव उमटतात, अक्षर अचानक बिघडते, हातातली वस्तू पडते. मूल मुद्दाम चाळे करते आहे असे वाटून त्याला शिक्षा होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात ते कोरिया नावाचे, संधिज्वराचेच एक लक्षण असते.

आता दुसऱ्या प्रकारच्या लेखनाकडे वळू. पूरक वाचनात आणि वर्तमानपत्रांत झडपेचा आजार येतो, तो शस्त्रक्रियेच्या विजयकथा म्हणून. कथा खरोखरच रोमहर्षक आहे. १९२३ साली बोस्टनमध्ये इलियट कटलर यांनी एका बारा वर्षांच्या मुलीची आक्रसलेली झडप शस्त्रक्रियेने मोकळी करण्याचा प्रयत्न केला. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सौटर यांनी धडधडत्या हृदयात बोट घालून झडप सैल केली. १९६० साली शल्यचिकित्सक अल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्स यांची पिंजऱ्यातल्या चेंडूची कृत्रिम झडप आली. १९८२ साली जपानच्या कांजी इनोऊे यांनी जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन छाती न उघडता झडप रुंद केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि सहकाऱ्यांनी आधीचे नमुने फसल्यावरही चिकाटी सोडली नाही, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी भारतीय बनावटीची झडप पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसली. ती परदेशी झडपेपेक्षा स्वस्त असल्याने असंख्य कुटुंबांच्या आवाक्यात आली.

ही कथा सांगू नये असे कोण म्हणेल? पण ती 'झडप बसवली आणि रुग्ण बरा झाला' इथे संपते, तिथे तिची उणीव आहे. धातू-प्लास्टिकची झडप बसवली, की रक्त गोठू नये म्हणून आयुष्यभर गोळी घ्यावी लागते आणि वेळोवेळी रक्त तपासावे लागते. प्राण्यांच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला बहुधा ती गोळी कायम लागत नाही, पण ती तरुण रुग्णात लवकर झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रिया अटळ होते. शिवाय या कथेत साध्या नायकाला जागाच नसते. तो नायक म्हणजे पेनिसिलिन. जंतूंमुळे झालेल्या घशाच्या आजारात ते वेळेवर आणि पूर्ण दिले, तर संधिज्वर टाळता येतो. एकदा ज्वर येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी दीर्घ परिणामी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे दिले, तर नव्या हल्ल्यापासून झडप वाचवता येते. आणि पाश्चात्त्य देशांत तर पेनिसिलिन येण्यापूर्वीच हा आजार ओसरू लागला होता. त्याचे श्रेय बहुतांशी कमी दाटीच्या घरांना आणि सुधारलेल्या राहणीमानाला दिले जाते. जिथे एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात, तिथे जंतू एका घशातून दुसऱ्या घशात सहज जातो. २०१८ साली जागतिक आरोग्य परिषदेने या आजाराबाबत ठराव केला, तोपर्यंत श्रीमंत देश त्याला जवळपास विसरले होते.

यावर आक्षेप येईल, की पाठ्यपुस्तक म्हणजे वैद्यकाचा ग्रंथ नव्हे. सगळे आजार कसे घालणार? आक्षेप रास्त आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि तिला प्रतिजैविक लागतच नाही. मग प्रत्येक खोकल्याला घाबरवून सोडायचे का? मुळीच नाही. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. शिक्षकाने करायचे काम छोटे आहे. ताप आणि फिरती सांधेदुखी असलेले, किंवा एकाएकी अक्षर बिघडलेले मूल डॉक्टरांपर्यंत पोचेल असे पाहायचे. आणि इंजेक्शनच्या दिवशी गैरहजर राहणाऱ्या मुलाला हजेरीपटावरून बोलायचे नाही.

आकृतीतही थोडाच बदल पुरे. तिच्याशेजारी मुलांना दोन वर्तुळे काढू द्या, एक अडीच सेंटिमीटर व्यासाचे आणि दुसरे सुमारे १.१ सेंटिमीटरचे. क्षेत्रफळे काढून किती पटींचा फरक आहे ते त्यांनाच शोधू द्या. उत्तर सुमारे पाच येईल. मग विचारा, दर ठोक्याचे तेवढेच रक्त या लहान वर्तुळातून जायचे असेल, तर मागचा दाब वाढेल की कमी होईल? गणिताचा आणि विज्ञानाचा तास इथे एकत्र येतो, आणि पाठ केलेल्या नावाला अर्थ मिळतो. त्याखाली एक ओळ लिहायला फळ्यावर जागा असतेच : ही झडप बिघडण्याची सुरुवात घशातून होऊ शकते, आणि ती तुमच्या वयात होते.