कंटाळा कोणाला, कोणाचा? : एका जाहिरातीच्या निमित्ताने

आमच्या महाविद्यालयात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी 'जाहिरात-लेखन' शिकवतो. घटक सुरू करण्यापूर्वी मुलांकडून एक चिठ्ठी लिहून घेतो : टीव्हीवर, रेडिओवर किंवा टॉकीजमध्ये पाहिलेली-ऐकलेली सर्वांत वाईट, डोके उठवणारी जाहिरात कोणती आणि का? यंदाच्या चिठ्ठ्यांत बनियनची होती, सराफाची होती, एकच वाक्य तीनतीनदा ओरडणाऱ्या मलमाची होती. पण सर्वाधिक चिठ्ठ्यांवर एकच नाव होते : 'मुकेश'. मी चिठ्ठ्या मोठ्याने वाचू लागलो तसा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि त्याने घोगऱ्या आवाजात त्या जाहिरातीची नक्कल केली. वर्ग खो-खो हसला. खोटे कशाला बोलू, क्षणभर मीही हसलो.

गठ्ठ्याच्या तळाशी एक बिननावाची चिठ्ठी निघाली. तिच्यावर लिहिले होते, "मला ही जाहिरात वाईट वाटत नाही. भीती वाटते. आमचे अण्णा खातात." एवढेच. ती चिठ्ठी मी वर्गात वाचली नाही. का वाचली नाही, या प्रश्नाने मला काही दिवस सोडले नाही. म्हणून हा लेख.

ज्यांच्या लक्षात ती जाहिरात नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुकेश हराणे हा भुसावळचा तरुण. गुटख्याने तोंडाचा कर्करोग झाला आणि तो मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दाखल झाला. तेथे कॅमेऱ्यासमोर तो बोलला. आपण एकच वर्ष गुटखा खाल्ला, आता शस्त्रक्रिया होणार आहे, त्यानंतर कदाचित बोलता येणार नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या नाकात नळी आहे. शेवटी निवेदकाचा आवाज येतो, की मुकेशला वाचवता आले नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये तो गेला, तेव्हा त्याचे वय २४ होते. पुढे सरकारने ही चित्रफीत तंबाखूविरोधी प्रचारासाठी वापरली. २ ऑक्टोबर २०१२ पासून चित्रपटाच्या आधी आणि मध्यंतराच्या वेळी असे इशारे दाखवण्याची सक्ती झाली आणि मुकेश देशभरच्या पडद्यांवर गेला. अनेक भाषांत त्याच्या तोंडी दुसऱ्यांचे आवाज बसवले गेले. वर्षभराने, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्या जागी नव्या चित्रफिती आल्या.

म्हणजे आज माझ्या वर्गात बसणारी मुले तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागली होती. टॉकीजमध्ये त्यांनी ती जाहिरात पाहिलीही नसेल. त्यांच्यापर्यंत ती आली मोबाइलवरच्या थट्टेतून, नकलांतून, विनोदी चित्रांतून. एका माणसाचे मरण गळून गेले, आणि त्याच्या आवाजाची टिंगल तेवढी पुढच्या पिढीला मिळाली. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मुलांनी कारणे तीन दिली होती. एक, तीच ती जाहिरात पुन्हा पुन्हा दाखवतात. दोन, ती किळसवाणी आहे, करमणुकीच्या वेळी असले कशाला? तीन, ती उपदेश करते. ही तीन कारणे नीट तपासली पाहिजेत.

पुनरावृत्तीचे कारण टिकत नाही. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर आल्या. तेव्हापासून साबणाची, धुण्याच्या पावडरीची, टूथपेस्टची गाणी या देशाने हजारो वेळा ऐकली आहेत. निरमाचे गाणे कोणाला पाठ नाही? पण ते ऐकून कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. उलट बालपण आठवून लोक गहिवरतात. तेव्हा माणूस पुनरावृत्तीला कंटाळतो हे अर्धसत्य आहे. काय पुन्हा सांगितले जाते आणि कोण सांगतो, यावर कंटाळा ठरतो. पांढराशुभ्र झगा घातलेली मुलगी शंभर वेळा गिरकी घेते, ते गोड वाटते. नळी लावलेला भुसावळचा पोरगा दहाव्यांदा बोलला, की तो 'पकवतो'.

उरलेली दोन कारणे आपल्या वाचकांना ओळखीची वाटतील. किळसवाणे, प्रचारकी, आणि जोडीला तोच तोपणा. हे शब्द आपण कोठे ऐकले आहेत? 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, 'बलुतं' १९७८ मध्ये आले. तेव्हापासून दलित कवितेवर आणि आत्मकथनांवर प्रस्थापित समीक्षेने जे आक्षेप घेतले त्यांचा सारांश याच तीन शब्दांत सांगता येतो. भाषा अंगावर येते, अनुभव एकसुरी आहे, कलेपेक्षा प्रचार अधिक आहे. शरणकुमार लिंबाळे यांना 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मांडावे लागले ते याच पार्श्वभूमीवर. आनंद देणे हाच कलेचा निकष मानला, तर ज्याचे जगणेच आनंदाचे नाही त्याचे बोलणे आपोआप निकृष्ट ठरते. साहित्यात आपण हा निकष नाकारला. पण टॉकीजच्या अंधारात, हातात मक्याच्या लाह्यांचा पुडा असताना, तोच निकष आपल्याही तोंडून बोलतो. माझ्या तोंडून तो वर्गात बोलला.

येथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. माझे चुलते नगरपालिकेत सफाई कामगार होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. गटारात उतरण्यापूर्वी ते तोंडात बार धरीत. त्याने वास कमी लागतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याबरोबरचे सगळेच तसे करीत. पुढे तंबाखूची जागा गुटख्याच्या पुडीने घेतली, कारण मळायला वेळ लागत नाही आणि हात घाण असले तरी पुडी दाताने फाडता येते. चैनीसाठी खाणारे असतील. आमच्या वस्तीत ते कामाचे हत्यार होते, झाडू-फावड्यासारखे. ऊसतोडीला जाणारे, वीटभट्टीवरचे, रात्रपाळीचे हमाल, यांना विचारावे. भूक, झोप आणि घाण या तिघांना मारण्यासाठी ते पुडी फोडतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत होते आणि त्यांतले बहुसंख्य ती खाणारे होते.

मुकेशची जाहिरात टीव्हीवर लागली त्या रात्री दादा आमच्याकडे जेवायला होते. कोणी हसले नाही. त्यांनी ताट बाजूला सारले आणि तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहिली. दोनच गेली. त्यांची भाकरी कालवणात कुस्करून खाण्याची सवय आम्ही वयावर ढकलली होती. तोंड उघडत नाही म्हणून ते कुस्करत होते, हे त्या रात्री कळले. आठवड्याच्या आत ते सरकारी दवाखान्यात गेले. जबड्याचा एक भाग गेला, पण माणूस पुढे सात वर्षे जगला. माझ्या पदवीचा पेढा त्यांनी पूर्वीच खाल्ला होता. नोकरीचा मात्र पाण्यात विरघळवून प्याले. त्या महिन्यात आमच्या गल्लीत किती जण आरशासमोर तोंडात बोटे घालून उभे राहिले, ते मी पाहिले आहे. ज्या जाहिरातीवर शहरातली टॉकीज हसत होती, तिने आमच्या वस्तीत हे काम केले. तिला वाईट जाहिरात कसे म्हणू?

पण समीक्षा म्हणजे कृतज्ञता नव्हे. ही जाहिरात सदोष आहे, आणि तिचा दोष मुलांनी सांगितला त्याहून गंभीर आहे. ती मुकेशने काय खाल्ले ते सांगते. त्याला ते कोणी विकले, कोणी बनवले, त्यावर कोणी किती मिळवले, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. जणू गुटखा पावसासारखा आभाळातून पडतो आणि मुकेशने छत्री घेतली नाही! मरणारा दिसतो, विकणारा दिसत नाही. गुन्हा सगळा खाणाऱ्याच्या एका वर्षात कोंबला आहे. शिवाय जो पोरगा आपला आवाज जाणार असे सांगत आहे, त्याच्या तोंडी प्रत्येक प्रांतात दुसऱ्याचा आवाज बसवला गेला. त्याचे घर, त्याचे काम, त्याची माणसे, यांतले काही पडद्यावर आले नाही. सरकारने त्याला इशाऱ्याचा नमुना केले. माणूस नमुना झाला, की त्याची नक्कल करणे सोपे जाते. आमच्या वर्गातल्या हशाची बीजे अशी जाहिरातीच्या घडणीतही आहेत.

आता याच पडद्यावर दिसणारी दुसरी जाहिरात पाहा. तंबाखूच्या जाहिरातींवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. पुडी तरीही मिळते की नाही, हे कोणत्याही चौकात उभे राहून पाहावे. बंदीवर तोडगा म्हणून त्याच नावाची वेलची आली, त्याच नावाचा माउथ फ्रेशनर आला. नाव तेच, अक्षरांचे वळण तेच, आतला माल तेवढा वेगळा. तिच्यात केशर आहे, महाल आहेत, मोटारी आहेत आणि देशातले सर्वांत महागडे नट आहेत. अमिताभ बच्चन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये कमला पसंदची जाहिरात सोडली आणि मानधन परत केल्याचे जाहीर केले. अक्षय कुमार यांनी एप्रिल २०२२ मध्ये विमल वेलचीची जाहिरात सोडून चाहत्यांची माफी मागितली. अजय देवगण, शाहरुख खान हेही त्याच वेलचीच्या जाहिरातींत दिसले. माझ्या गठ्ठ्यात या जाहिरातींना वाईट म्हणणारी चिठ्ठी एकही नव्हती. तिचीही नक्कल मुले करतात, पण ती नटाच्या ऐटीची असते. मुकेशची नक्कल त्याच्या दुबळेपणाची असते. एकीत आपण नटासारखे व्हायला पाहतो, दुसरीत आपण मुकेश नाही याची खात्री करून घेतो. दादांसारख्यांच्या घरातली मुलेसुद्धा ही खात्री करून घेतात, हे मला अधिक बोचते.

कोणाच्या शरीरावर हसायचे, हे जाहिरातीचे जग कसे ठरवते त्याचा आणखी एक दाखला देतो आणि पुढे जातो. ५ जून २०२३ रोजी, पर्यावरण दिनी, झोमॅटो या कंपनीने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. 'लगान' (२००१) या चित्रपटातल्या कचरा या दलित पात्राची भूमिका करणारा नट आदित्य लाखिया तिच्यात होता. टाकाऊ प्लास्टिकपासून काय काय बनते हे सांगण्यासाठी त्या माणसालाच दिवा, टॉवेल, कागद करून दाखवले होते. चित्रपटात त्या पात्राला निदान गोलंदाजी करायला मिळाली होती. येथे तो वस्तू झाला. नीरज घायवान यांच्यासारख्या दिग्दर्शकाने जाहीर निषेध केला, गदारोळ उठला. भावना दुखावण्याचा हेतू नव्हता असे सांगून कंपनीने ती मागे घेतली. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीसही बजावली. हेतू नव्हता, हे मी खरे मानतो. प्रश्न वेगळाच आहे. ती कल्पना सुचली, लिहिली गेली, चित्रित झाली, संपादित झाली; या साऱ्या प्रवासात त्या खोल्यांमधून एकालाही ती रोखता आली नाही. त्या खोल्यांत आपले कोण बसते?

जाहिरात आणि आपण, हा संबंध जुना आहे. १९२० मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा पैसे देऊ केले असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला होता. मुक्यांच्या वतीने बोलणाऱ्या पत्राला जाहिरातीच्या स्तंभातही जागा नव्हती. आज नकार तसा उघड येत नाही. आज आपल्याला पडद्यावर घेतात. रोगी म्हणून घेतात, कचरा म्हणून घेतात. जागा मिळाली, आवाज मात्र अजून दुसऱ्याचाच आहे. म्हणून जाहिरात हा करमणुकीच्या पानावरचा विषय मानून आपल्या समीक्षेने तिच्याकडे पाठ फिरवू नये, असे मला वाटते. ज्या घरात पुस्तक पोचत नाही, तेथे जाहिरात दिवसातून वीस वेळा पोचते.

पुढच्या तासाला मी ती चिठ्ठी वाचली नाहीच. लिहिणाऱ्याला कोणी ओळखले असते. मी फळ्यावर लिहिले : मुकेश हराणे, भुसावळ, वय २४. आणि विचारले, "या जाहिरातीत कोण दिसत नाही?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नक्कल करणारा तोच मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, विकणारा." मला बरे वाटले. तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. "सर, माझ्या मामाची टपरी आहे. तो पुड्या विकतो. त्याने नाही विकल्या तर पोरांना काय घालेल?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटलो, असे म्हणणार नाही. घंटेला अजून वीस मिनिटे होती. ती वीस मिनिटे आम्ही मामाच्या टपरीपासून निघून मालाच्या गाडीपर्यंत, तेथून कारखान्यापर्यंत आणि कारखान्यापासून वेलचीच्या जाहिरातीतल्या महालापर्यंत फळ्यावर रेघ ओढत गेलो. मामाच्या पोटाचे उत्तर मात्र मिळाले नाही. पुढच्या वर्षी चिठ्ठीवरचा प्रश्न मी बदलणार आहे. 'सर्वांत वाईट जाहिरात कोणती?' याऐवजी 'कोणत्या जाहिरातीत विकणारा लपला आहे?' असे विचारणार आहे. उत्तरे अधिक अवघड येतील, आणि ती मला वर्गात मोठ्याने वाचावी लागतील.